हॅच दिसत नाहीये: साधा पॅटर्न, अ‍ॅनोटेटिव्ह की सॉलिड? मीटरमधल्या ड्रॉइंगला काय वापरायचं

रोडची क्रॉस सेक्शन असो की फाउंडेशन प्लॅन, ऑटोकॅडमध्ये हॅच (बंद जागेत रेषांचा किंवा रंगाचा भराव) मारला की एक तर काहीच दिसत नाही, नाहीतर सगळं काळंकुट्ट दिसतं, आणि मग कुणी सांगतं स्केल बदल, कुणी सांगतं अ‍ॅनोटेटिव्ह (शीटच्या स्केलप्रमाणे आपोआप लहानमोठा होणारा) कर, कुणी म्हणतं सोड ते, सॉलिड (एकसंध रंग) भर आणि ट्रान्सपरन्सी दे. तिन्ही उपाय चालतात, पण तिन्हींचं काम वेगळं आहे, आणि चुकीच्या जागी चुकीचा उपाय लावला की प्लॉट काढायच्या वेळी नेमकी गडबड होते.

आधी हे बघून घ्या. फिलमोड (FILLMODE) ही कमांड टाइप करा, 0 असेल तर 1 करून रीजेन मारा, म्हणजे ड्रॉइंग नव्याने काढलं जाईल, कारण 0 असताना ड्रॉइंगमधला एकही हॅच दिसत नाही, सॉलिडसुद्धा नाही. लेयर फ्रीझ नाही ना बघा. ग्राफिक्सकॉन्फिगमध्ये जाऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा, त्याने हॅच नीट दिसायला लागला तर भानगड ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरची आहे, हॅचला हात लावायची गरज नाही.

आता साधा पॅटर्न. बहुतेक वेळा इथे गोंधळ स्केलचाच असतो. मेजरमेंट ही सेटिंग 1 असेल तर पॅटर्न अ‍ॅकॅडआयएसओच्या पॅट फाइलमधून येतात, 0 असेल तर अ‍ॅकॅडच्या पॅट फाइलमधून, आणि दोन्हींत 25.4 पटीचा फरक आहे. एएनएसआय31 हा तिरक्या रेषांचा पॅटर्न घ्या. मेट्रिक फाइलमध्ये त्याच्या दोन रेषांमधलं अंतर 3.175 युनिट. ड्रॉइंग मिलीमीटरमध्ये असेल तर ठीक, पण आपली सिव्हिलची ड्रॉइंग मीटरमध्ये, म्हणजे स्केल 1 ठेवला तर दोन रेषांत 3.175 मीटर अंतर! 230 बाय 450 मिलीमीटरच्या कॉलममध्ये त्यातली एखादी रेषा आली तर नशीब. हॅच मारला गेलेला असतो, सिलेक्टही होतो, फक्त त्याची रेषा त्या चौकोनात पडतच नाही. मीटरच्या ड्रॉइंगला शीटच्या स्केलला 1000 ने भागा, 1:100 ला 0.1, 1:200 ला 0.2, 1:500 ला 0.5, एएनएसआयच्या पॅटर्नना हे बरोबर बसतं. एआर-कॉंकसारखे (काँक्रीटचा पॅटर्न) एआरवाले मात्र खऱ्या मापाचे पॅटर्न आहेत, मीटरमध्ये ते 0.001 ला आपल्या मूळ मापात येतात आणि तिथून शीटवर बघत बघत वाढवायचे.

उलटा त्रास म्हणजे स्केल फार लहान झाला की रेषांची संख्या एचपीमॅक्सलाइन्स या सेटिंगमधल्या मर्यादेच्या वर जाते (डिफॉल्ट 10 लाख) आणि हॅच सॉलिडसारखा दिसायला लागतो. ती मर्यादा 1 कोटीपर्यंत नेता येते, पण माझं मत विचाराल तर नेऊ नका. एवढ्या रेषा शीटवर तशाही काळ्याच दिसणार, फाइल तेवढी जड होईल.

आणि सर्व्हेवरून आलेली ड्रॉइंग असेल तर अजून एक गोष्ट, जी लोकांना पटकन सुचत नाही. सर्व्हेच्या यूटीएम या मीटरमधल्या कोऑर्डिनेट पद्धतीत, झोन 43 मध्ये, पुण्याच्या आसपास ईस्टिंग (पूर्वेकडचं माप) पावणेचार लाखाच्या आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं माप) साडेवीस लाखाच्या घरात असतं, नागपूरला झोन 44 लागतो पण आकडे तिथेही मोठेच. हॅचचा ओरिजिन डिफॉल्ट 0,0 वर, म्हणजे पॅटर्न दोन हजार किलोमीटर लांबून मोजत आणायचा, त्यात अचूकता कमी पडते आणि रेषा वेड्यावाकड्या, तुटक किंवा गायब होतात. अशा वेळी काही जण अख्खी ड्रॉइंग उचलून 0,0 ला आणतात. कृपा करून हे करू नका, सर्व्हेचे कंट्रोल पॉइंट, एक्सरेफ (जोडलेल्या बाहेरच्या ड्रॉइंग फाइल), बाकी सगळ्यांच्या ड्रॉइंग, कशाशीच मग ती जुळत नाही. हॅच सिलेक्ट करा, सेट ओरिजिन घ्या, बाउंड्रीच्याच एका कोपऱ्यावर क्लिक करा. नवीन हॅचसाठी एचपीओरिजिन साइटजवळच्या पॉइंटवर ठेवून द्या.

अ‍ॅनोटेटिव्ह हॅच 2008 च्या व्हर्जनपासून आहे. एकच मॉडेल 1:100 आणि 1:500 अशा दोन व्ह्यूपोर्टमध्ये (शीटवर मॉडेल दाखवणाऱ्या खिडक्या) दाखवायचं आणि दोन्हीकडे कागदावर रेषांचं अंतर सारखं हवं, तर हाच घ्या, साध्या पॅटर्नला ते जमत नाही. पण एकच शीट एकाच स्केलला जाणार असेल तर उगाच लफडं. ज्या स्केलचा सपोर्ट त्या हॅचला दिलेला नाही त्या व्ह्यूपोर्टमध्ये तो दिसत नाही, आणि मॉडेलमध्ये सगळं व्यवस्थित दिसत असल्यामुळे माणूस तासभर लेयर शोधत बसतो. अ‍ॅनोऑलव्हिजिबल 1 करून बघा, हॅच उगवला तर कारण हेच, मग त्या हॅचला तो स्केल जोडा. मीटरवाल्यांनी अजून एक बघायचं, स्केल लिस्टमधला तयार 1:100 इथे चालत नाही, तो हॅच हवा त्याच्या हजार पट मोठा करतो. नवीन स्केल बनवा, पेपर युनिट 10 आणि ड्रॉइंग युनिट 1. 1:200 साठी 5 आणि 1.

सॉलिड आणि ट्रान्सपरन्सी मी लँड यूजचे प्लॅन, संपादनाचे पट्टे, कट-फिलचे मोठे एरिया यासाठीच वापरतो. स्केलची कटकटच नाही, पॅटर्नच्या ओरिजिनचा त्रास नाही, मोठ्या एरियातही फाइल हलकी राहते. पण काँक्रीट, सॉलिंग, मुरूम असे थर वेगळे दाखवायचे तर ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्समध्ये सगळं एकच राखाडी होतं आणि साइटवर तीच झेरॉक्स जाते, म्हणून सेक्शनला सॉलिड मला मुळीच मान्य नाही. स्क्रीनवर पारदर्शक आणि प्रिंटवर खालचं सगळं झाकलेलं, असं झालं तर प्लॉटच्या खिडकीत प्लॉट ट्रान्सपरन्सीवर टिक करा, टिक केल्यावर प्लॉट स्लो होतो एवढं धरून चाला. टेक्स्ट हॅचखाली गेला असेल तर हॅचटूबॅक, एका दमात सगळे हॅच मागे.

म्हणजे सेक्शन आणि डिटेलला साधा पॅटर्न, दोन स्केलच्या शीटला अ‍ॅनोटेटिव्ह, रंगीत प्लॅनला सॉलिड. सिव्हिल थ्रीडीत कॉरिडॉरच्या (रस्त्याच्या थ्रीडी मॉडेलच्या) सेक्शनमधला हॅच यात कुठेच बसत नाही, तिथे हॅच बदलायची हॅचएडिट कमांड लागूच होत नाही. तो शेप स्टाइलमधून येतो, म्हणून कोड सेट स्टाइल उघडा, त्या थराच्या शेप स्टाइलमध्ये डिस्प्ले टॅबवर खाली हॅचचा पॅटर्न आणि स्केल आहे तो बदला, आणि भरावाच्या हॅचसमोरचा बल्ब चालू आहे का तेही तिथेच बघा.