एम.डेस.च्या गेम प्रोजेक्टसाठी गोडो 4: मराठी मजकुरासकट

एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बंगळुरू कॅम्पसमधलं डिजिटल गेम डिझाइन असो की आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातलं इंटरॅक्शन डिझाइन, मास्टर्सचा (एम.डेस.चा) गेम जूरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, चालवून दाखवता आला पाहिजे. आणि तो मराठीत असेल, तर गेम बनवायचं इंजिन ठरवण्याआधी जोडाक्षरं तपासून घ्या. युनिटी या इंजिनच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या भागात) साधं ‘किल्ला’ टाकलं तरी पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाते. गोडो या मुक्त इंजिनच्या तिसऱ्या आवृत्तीत, गोडो 3 मध्येही हीच रड होती. 2023 च्या मार्चमध्ये आलेल्या गोडो 4 मध्ये मात्र अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी आतच आहे, त्यामुळे वेलांट्या, रफार, ‘क्ष’, ‘ज्ञ’ सगळं कुठलंही प्लगइन न लावता जागच्या जागी बसतं. एवढ्या एका कारणासाठीही मी हेच सुचवेन.

तरी दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर मराठी दिसते, कारण इंजिन ती सिस्टिमच्या फॉन्टमधून उसनी घेतं. ब्राउझरमध्ये ही उसनवारी चालत नाही आणि ऐन सादरीकरणात अक्षरांच्या जागी चौकोन येतात. यासाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ फॉन्ट प्रोजेक्टमध्येच ठेवा आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआय, थीम, कस्टम फॉन्ट इथे लावा. मजकूर दाखवणाऱ्या लेबलच्या लँग्वेजमध्ये ‘mr’ ऐवजी हिंदीचा कोड राहिला, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यातही ते हिंदी वळणाचे येतात.

दुसरी फसगत संवाद एकेक अक्षराने उमटवताना होते. ‘विश्व’ उमटताना आधी ‘विश’, मग पाय मोडका ‘विश्’, मग ‘विश्व’ असं होतं आणि ओळ थरथरते. व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेविअर हा पर्याय मुळात ‘कॅरेक्टर्स बिफोर शेपिंग’वर (शेपिंग म्हणजे अक्षरांची जुळणी) असतो, तो ‘आफ्टर शेपिंग’वर न्या, थरथर थांबते.

डिझायनरच्या हाताला अ‍ॅनिमेशनप्लेअर फार छान बसतो. रंग, आवाज, कॅमेरा, शेडरमधला (चित्राचं रूप ठरवणाऱ्या कोडमधला) आकडा, जवळपास कशालाही की-फ्रेम (ठरलेल्या क्षणाची नोंद) लावता येते. परवाना ‘एमआयटी’ या मुक्त प्रकारचा, एक पैसाही लागत नाही. जूरीला लिंक पाठवायची असेल तर 4.3 किंवा पुढची आवृत्ती घ्या. तिथपासून वेबसाठी थ्रेडशिवाय (समांतर चालणाऱ्या कामांशिवाय) एक्स्पोर्ट होतो आणि सर्व्हरने ब्राउझरला पाठवायच्या खास हेडरची कटकट उरत नाही. वेबवर फक्त कम्पॅटिबिलिटी हा रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) चालतो. फॉरवर्ड प्लस या दुसऱ्या रेंडररमध्ये उभं केलेलं व्हॉल्युमेट्रिक (जागेत दाटणारं) धुकं तिथे गायब होतं, म्हणून रेंडरर पहिल्याच दिवशी ठरवा. कोड गोडोच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत लिहा; गोडो 4 मधला सी-शार्पचा प्रोजेक्ट वेबसाठी एक्स्पोर्टच होत नाही.

उणीव नोकरीच्या बाजूला आहे. स्टुडिओंच्या जाहिराती बहुतेक युनिटी नाहीतर अनरियल मागतात, त्यामुळे सेमिस्टरचा एखादा छोटा प्रोजेक्ट त्यातही करावा. कन्सोलसाठी बाहेरच्या कंपनीची मदत लागते.

गटात काम असेल तर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) इंजिनने आपोआप बनवलेलं ‘.godot’ फोल्डर टाकू नका, 4.4 पासून येणाऱ्या, फायलींची ओळख सांभाळणाऱ्या ‘.uid’ फायली मात्र टाका, नाहीतर जोडीदाराकडे संदर्भ तुटतात. एकच सीन दोघांनी एकदम उघडू नये. एक्स्पोर्ट टेम्पलेट (गेम बाहेर काढायचे तयार साचे) एडिटरच्या नेमक्या आवृत्तीचेच लागतात, तेव्हा शेवटच्या सेमिस्टरमध्ये आवृत्ती बदलू नका.