सांगली ते जर्मनी: घरून येणाऱ्या पार्सलांचा वर्षभराचा अनुभव

गेलं वर्षभर सांगलीहून जर्मनीत पार्सलं मागवतेय, स्पीड पोस्टनं आणि खासगी कुरिअरनंही. नवीन आलेली मंडळी पहिल्यांदा विचारतात, ‘लवकर कोण पोचवतं?’ माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. पार्सल सरळ दारात येणार की कस्टम्समध्ये अडकून बसणार, हे खोक्यावर चिकटवलेल्या सीएन २२ किंवा सीएन २३ फॉर्मवर ठरतं, म्हणजे आत काय आहे आणि किती किमतीचं आहे हे कस्टम्सला सांगणाऱ्या फॉर्मवर. आणि तो फॉर्म भरतात आपले बाबा, तिकडे पोस्टाच्या खिडकीशी, मागचा माणूस ‘काका, आवरा’ म्हणत असताना.

युरोपियन युनियनचा नियम असा: घरच्यांनी घरच्यांना पाठवलेली, पैसे न घेतलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त. त्यापुढे ७०० युरोपर्यंत जर्मनीत सरसकट १७.५ टक्के कर लावून घेता येतो. यात एक बारकावा आहे आणि सगळा फायदा तिथेच आहे. खोक्यात अनेक वस्तू असल्या आणि एकूण रक्कम ४५च्या वर गेली, तरी ४५च्या आत बसणाऱ्या वस्तूंना सूट मिळते. फक्त एकाच वस्तूची किंमत तोडून थोडी करमुक्त, थोडी करपात्र अशी दोन्हीकडे घालता येत नाही. मावशीनं ९० युरोची पैठणी आणि २० युरोचा फराळ एकत्र पाठवला, तर कर पैठणीवरच, म्हणजे पावणेसोळा युरो. पण हे कधी? फॉर्मवर प्रत्येक वस्तू आणि तिची किंमत वेगळी लिहिली असेल तर. ‘गिफ्ट आयटम्स, ११ हजार रुपये’ अशी एकच ओळ असेल, तर कुणी काय हिशोब करणार?

आईचं म्हणणं, ‘अगं, खाऊ लिहिलं की झालं की!’ नाही होत. आणि किंमत मुद्दाम कमी लिहू नका. दोनशे रुपयांची पैठणी कुणाला पटणार? मग पुरावा मागतात.

अडकलेल्या पार्सलाचं पत्र घरी येतं. ओळखपत्र घेऊन कस्टम ऑफिसात जायचं, ठरावीक मुदतीत नाही गेलात तर खोकं परत भारतात. आमच्या इथल्या काउंटरवरचा माणूस खोकं स्वतः फोडत नाही. कटर आपल्या हातात देतो आणि समोर उभा राहतो. बाबांनी घातलेल्या चिकटपट्टीचे थर कापताना मागच्या रांगेला माझी दया येत असावी. आतून निघाली बिनलेबलच्या प्लास्टिक पिशवीतली पिवळी पूड. सांगलीची हळद, आपल्याला वासावरून कळते. त्याला ती नुसती पूड. शेजारच्या पिशवीत गोडा मसाला, तोही काळपट. त्यानं दोन्ही पिशव्या वास घेऊन, उलटसुलट करून पाहिल्या आणि बाजूला ठेवून दिल्या. चकली-शंकरपाळ्यांना हातही लावला नाही. पेढे मात्र काढून घेतले. त्या दिवसापासून घरगुती मसाल्याच्या प्रत्येक पिशवीत इंग्रजी नाव आणि वजन लिहिलेली चिठ्ठी असते, आणि तपासणी पाच मिनिटांत उरकते.

पेढ्यांचं दुःख आहे, पण तक्रार नाही. युनियनबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ पार्सलनं आणायला बंदीच आहे, साजूक तूपही त्यातच. रोपं, पेरायचं बी, ताजा भाजीपाला यांना २०१९च्या डिसेंबरपासून वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे घरचा ताजा कढीपत्ता विसरा. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियनला. (नारळ पार्सल करणारी मावशी कुणाला असेल तर कळवा.) भेट म्हणून कॉफी ५०० ग्रॅमपर्यंतच करमुक्त. औषधांचं सगळ्यात कडक: युनियनबाहेरून खासगी माणसाला टपालानं औषधं मागवताच येत नाहीत, आणि ‘आयुर्वेदिक आहे हो’ म्हणून चूर्ण सुटेल या भरवशावर राहू नका. स्वतः येताना बॅगेतून, आपल्यापुरती, तीन महिन्यांची चालतात.

विकत मागवलेल्या वस्तूला ४५ युरोची सवलत नाही. पूर्वी २२ युरोपर्यंत व्हॅट माफ होता, ते १ जुलै २०२१ला संपलं. आता १९ टक्के, पुस्तकांना ७. पुण्याहून मराठी पुस्तकं मागवणं मला अजून परवडतं. कपडे नाही, कारण महागाचे घेतले की आयात शुल्क वेगळं.

कुरिअरबद्दल. वेगवान आहे, मान्य. कस्टम्सची कामं तेच करतात, कर आधी भरतात आणि मग आपल्याकडून कर अधिक स्वतःचं शुल्क वसूल करतात. माझ्या एका पार्सलात ते शुल्क कराहून जास्त होतं. वर भेट असूनही त्यांनी ती खरेदी म्हणून दाखवली आणि दुकानाचं बिल मागत राहिले. कराच्या नोटिशीवर महिन्याभरात लेखी हरकत घेता येते. घेतली, बाबांचं पत्र जोडलं, कराचा फरक परत आला. कुरिअरचं शुल्क गेलं ते गेलंच. पोस्टानं आलेल्या पार्सलावर कर लागला तेव्हा पावतीवर हाताळणीचे ६ युरो होते, तेवढे मी कुरकुर न करता भरते.

तर सध्या असं चाललंय: फराळ, मसाले, पुस्तकं स्पीड पोस्टनं. क्रमांकाच्या शेवटी ‘आयएन’ असतं, तोच इथल्या पोस्टाच्या साइटवर टाकला की पुढचा प्रवास दिसतो. कागदपत्रं कुरिअरनं. पैठण्या आणि महागाच्या वस्तू सुट्टीवरून परत येणाऱ्या मित्रमंडळींच्या बॅगेत, असं मी आधी ठरवलं होतं; पण विमानानं येणाऱ्याला मिळणारी ४३० युरोची सूट त्याच्या स्वतःच्या सामानाची आणि त्यानं आणलेल्या भेटींची असते, दुसऱ्यासाठी आणलेली मागणीची वस्तू त्यात धरत नाहीत. म्हणून पैठणी आता मी स्वतः गेले की घेऊन येते. मावशीला हे अजून पटलेलं नाही. ती दर महिन्याला विचारते, ‘मग कधी येतेस?’