अनुदान ठेवायचं की काम धरायचं? निराधार योजना आणि ईएसआयचा हिशेब

काम धरलं तर निराधार अनुदानाचे किंवा ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) मिळणारे पैसे बंद होतील का? रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्या घरात कुणी मोठ्या आजारातून उठलंय किंवा अपंगत्व घेऊन जगतंय, तिथे हा प्रश्न हमखास निघतो. शेजारपाजारचा सल्लाही ठरलेला असतो: ‘कशाला भानगडीत पडतोस, मिळतंय ते घे.’ या सल्ल्यापायी काम करू शकणारी, करायची इच्छा असलेली माणसं वर्षानुवर्षं पडवीत बसून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. उत्तर सगळ्यांना एकच नाही. पैसे देणारी योजना तुमचं नेमकं काय बघते, त्यावर ते ठरतं.

संजय गांधी निराधार अनुदान बघतं कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर ही मर्यादा ५० हजार रुपये आहे आणि ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये मिळतात. कॅन्सर, क्षयरोग, पक्षाघात अशा आजारामुळे योजनेत असाल, तर मर्यादा २१ हजार आणि अनुदान १,५०० रुपये. तुम्ही दिवसात किती तास काम करता, हा इथे मुद्दाच नाही. त्यामुळे ‘अर्धवेळ आहे म्हणजे चालेल’ हेही चूक आणि ‘काम केलं की बंद’ हेही चूक.

आता आकडे मांडू. समजा तुम्ही दिव्यांग आहात आणि घरात दुसरं उत्पन्न नाही. वर्षाला ५० हजारांपर्यंत कमावलंत तर त्यावर अनुदानाचे ३० हजार, म्हणजे एकूण ८० हजार हातात. मर्यादा ओलांडली की ते ३० हजार गेले. मग नुसत्या पगारातून ८० हजार उभे करायला महिन्याला साधारण ६,७०० रुपये हवेत. म्हणजे ४,२०० ते ६,७०० रुपयांमधली बारमाही नोकरी घेतलीत तर राबाल जास्त आणि हातात पडेल कमी. आजारपणामुळे योजनेत असणाऱ्यांसाठी हाच अवघड पट्टा १,७५० ते ३,२५० रुपयांचा. घरात आणखी कुणी कमावत असेल तर मर्यादेतली तुमची जागा तेवढी कमी होते, हे विसरू नका.

म्हणून कोकणात मला हंगामी काम आणि बारमाही काम यांची तुलना सगळ्यात महत्त्वाची वाटते. आंब्याच्या सीझनमध्ये फळं निवडून पेटी भरायचं काम बसून होतं. दोन-तीन महिन्यांत २५-३० हजार मिळाले, तरी वर्षाच्या हिशेबात तुम्ही दिव्यांगांच्या ५० हजारांच्या मर्यादेत राहू शकता; आजारपणामुळे योजनेत असाल तर मात्र २१ हजारांची मर्यादा ओलांडली जाईल. काजूच्या कारखान्यात मात्र काम नीट बघून घ्या. बी फोडायच्या हातमशीनला खाली पायाने दाबायचं पेडल असतं. पायात ताकद नसेल तर ते जमणार नाही. शिवाय टरफलातल्या तेलाने बोटं सोलवटतात, त्यामुळे हाताला संवेदना कमी असणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. साल काढणं आणि गर निवडणं त्या मानाने सोसणारं आहे.

चिपळूण किंवा कुडाळच्या एखाद्या दुकानात किंवा झेरॉक्स सेंटरवर अर्धा दिवस बारमाही नोकरी मिळत असेल, तर पगाराआधी जाण्यायेण्याचा खर्च मांडा. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण घरापासूनची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून स्टॉपपर्यंत रिक्षाच लागत असेल तर पगारातला मोठा वाटा तिथेच जाईल. सगळं वजा जाऊन सात-आठ हजार खात्रीने उरत असतील, मालक पावसाळ्यात घरी बसवणार नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: अनुदान सोडा आणि नोकरी धरा. अनुदान थांबलं म्हणून अपंगत्वाचा दाखला रद्द होत नाही, एसटीची सवलतही जात नाही. ही भीती अगदी निराधार आहे आणि तिच्यामुळे फार नुकसान होतं. नोकरी डळमळीत वाटत असेल तर मात्र दहादा विचार करा, कारण परत अनुदान हवं असेल तर नवा अर्ज आणि दाखल्यांसाठी नव्याने खेटे आलेच.

ईएसआयचं गणित वेगळं. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापली जाते, त्यांना आजारपणाच्या रजेत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली, त्या दिवसाचा लाभ नाही. रोज ६०० असेल तर घरी बसून ४२० मिळतात. भावाच्या गाड्यावर अर्धा दिवस उभं राहून ३०० घेतले तर ४२० वर पाणी सोडावं लागतं. इथे अर्धवेळ काम कुठल्याच बाजूने परवडत नाही. या रजेत बरं व्हावं, एवढंच.

कामावरच्या अपघाताने कायमचं अपंगत्व आलं असेल तर उलट. मशीनमध्ये बोटं गेली आणि मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं ठरवलं, तर ६०० रुपये रोजाच्या ९० टक्क्यांचे ३० टक्के, म्हणजे दिवसाला १६२ रुपये तहहयात मिळतात. पुन्हा नोकरी करा, अर्धवेळ करा, पूर्णवेळ करा, ते चालूच राहतात. ज्यांना हे मिळतंय त्यांनी कामाला घाबरायचं काहीच कारण नाही.

मजुरी रोख घेऊन लपवायचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी स्वतःच्या सहीने घोषणापत्र द्यावं लागतं आणि खोटं निघालं तर गोष्ट वसुलीपर्यंत जाते. काम धरण्याआधी तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जा. गेल्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि मालक किती महिन्यांचे किती पैसे देणार ते कागदावर लिहून सोबत न्या. नुसतं ‘काम करू का’ असं विचारलंत तर उत्तर ‘नको’च येईल.