आरव्हीतलं इंटरनेट: छतावरचा अँटेना की स्टारलिंकची डिश?

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरता फिरता ऑफिसचं कामही करायचं असेल, तर खरी निवड दोनांतच आहे. एक, सिमवर चालणारा राउटर आणि छतावर अँटेना, दुसरी, स्टारलिंक, म्हणजे डिश लावून उपग्रहावरून मिळणारं इंटरनेट.

राउटरला वीज कमी लागते आणि झाडांचा अडथळा फारसा नडत नाही. गाडीचा धातूचा पत्रा मात्र सिग्नल अडवतो, म्हणून अँटेना बाहेर हवाच. बरेच जण त्याऐवजी बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, घेतात. माझं मत विचाराल तर ते पैसे चांगल्या मायमो अँटेनावर (एकाच वेळी अनेक सिग्नल धरणाऱ्या) घाला. बूस्टर असलेलाच सिग्नल वाढवतो. नसलेला कुठून आणणार? यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मोठ्या भागात टॉवरची रेंजच नाही, तिथे बूस्टर आणि अँटेना दोन्हीही हात टेकतात. शिवाय सुट्टीत कॅम्पग्राउंड भरलं की टॉवरवर गर्दी होते आणि स्वस्त प्लॅनवाल्यांचा वेग आधी पडतो.

स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. जुन्या उपग्रह इंटरनेटचे ३५,७८६ किलोमीटरवर असत, म्हणून सिग्नलला जायला-यायला वेळ लागून व्हिडिओ कॉल रखडायचा. इथे तो नीट होतो. नेवाडाच्या वाळवंटात या डिशला तोड नाही. पण आकाश मोकळं हवं. कॅलिफोर्नियाच्या रेडवूड जंगलात कॉल तुटत राहील. स्टारलिंकची छोटी मिनी डिशही साधारण २५ ते ४० वॅट घेते, तेव्हा सोलरवर राहणाऱ्यांनी बॅटरीचा हिशेब आधी करावा.

शहराजवळच मुक्काम असेल तर राउटर पुरे. आडरानात राहणाऱ्यांनी डिश घ्यावी, आणि दाट झाडीसाठी एक साधं सिम जवळ ठेवावं.