फॉक्सप्रोचा रिपोर्ट छापेना: जुना कॉम्प्युटर ठेवावा की नवा घ्यावा?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या पतसंस्थेच्या व्याजाच्या याद्या अजून डॉसवरच्या फॉक्सप्रो 2.6 या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधूनच निघतात. नवा लेझर प्रिंटर जोडला आणि पडद्यावर 'प्रिंटर नॉट रेडी' यायला लागलं. तुमच्याकडेही असं झालं असेल, तर खर्च करण्याआधी रिपोर्ट प्रिंटरऐवजी फाइलमध्ये काढा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. आकडे बरोबर असले की डेटा शाबूत आहे. इंडेक्स (नोंदींची क्रमसूची) पुन्हा बांधत बसू नका.

जुना 32-बिट विंडोजचा कॉम्प्युटर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ही जोडी असेल तर ती मोडू नका. प्रिंटर यूएसबीचा असला तरी तो शेअर करून 'नेट यूज' कमांडने एलपीटी1 ला, म्हणजे डॉस ज्या प्रिंटर पोर्टकडे मजकूर पाठवतं त्याला, जोडता येतो. पैसा लागत नाही, आणि कार्बन कॉपी फक्त याच प्रिंटरवर निघते. लेझरबाबत मात्र हा उपाय बहुधा फसतो. बऱ्याच स्वस्त लेझर प्रिंटरना डॉसकडून आलेला साधा मजकूर कळतच नाही; त्यांचं पान विंडोजचा ड्रायव्हर तयार करून देतो. शिवाय विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 मध्ये 32-बिट आवृत्तीच नाही. म्हणून असा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

नव्या 64-बिट विंडोजवर डॉसचा प्रोग्राम थेट चालत नाही. त्यासाठी व्हीडॉसप्लससारखं, विंडोजच्या आत डॉस चालवणारं सॉफ्टवेअर घालावं लागतं. व्हीडॉसप्लस एलपीटी1 कडे निघालेला मजकूर पकडून विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत छापतं, त्यामुळे लेझरही चालतो. वेळ जातो तो मांडणीत. आमची यादी 132 कॉलमची, आणि नेहमीच्या अक्षरात उभ्या ए4 कागदावर जेमतेम 80 बसतात. पहिल्या छपाईत 'एकूण व्याज' प्रत्येक खातेदाराच्या नावाखाली जाऊन पडलं होतं. अक्षर बारीक करून, कागद आडवा घेऊन दोन संध्याकाळी खपलो तेव्हा यादी सरळ आली.

तुमचा प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रोचा (फॉक्सप्रोची विंडोजवरची पुढची आवृत्ती) असेल तर यातलं काहीच करू नका. रिपोर्टच्या एफआरएक्स फाइलमध्ये जुन्या प्रिंटरचं नाव अडकलेलं असतं. फाइलची प्रत काढून ठेवा, टेबलासारखी उघडा आणि पहिल्या नोंदीतले टॅग व टॅग2 हे रकाने रिकामे करा. एक्सप्र या रकान्यातल्या ड्रायव्हर, डिव्हाइस, आउटपुट या ओळीही काढा.

कार्बन कॉपी लागत असेल तर मी जुनाच ठेवीन, नाहीतर नवा. सिल्व्हर मॉलला, म्हणजे इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, खरेदीला जाताना तुमच्या सर्वांत रुंद रिपोर्टचा एक छापील कागद बरोबर न्या.