डोंगरी रेल्वेचा फोटो: खिडकीतून की समोरच्या उतारावरून?

हातात एकच फेरी असेल तर हे आधीच ठरवून निघा. एका फेरीत दोन्ही साधत नाही.

खिडकीतून गाडी दिसते ती फक्त वळणावर, तेही वळण चांगलं आवळलेलं असेल तर. स्वित्झर्लंडमधला लांडवासर पूल १०० मीटर त्रिज्येत वळतो. फिलिसूर स्टेशनकडे जाताना मागच्या डब्यात, वळणाच्या आतल्या बाजूला बसलात तर पुढचे डबे थेट कड्यातल्या बोगद्यात शिरताना टिपता येतात. तमिळनाडूतल्या निलगिरी रेल्वेत मात्र उलटं गणित. कुन्नूरपर्यंतच्या चढावर, जिथे १२ फुटांमागे १ फूट चढ येतो, वाफेचं इंजिन गाडीला मागून ढकलतं. ते फ्रेममध्ये हवं असेल तर पुढच्या डब्यात बसून मागे बघायचं. काच बंद असेल तर लेन्सवर रबरी हूड (कडेचा रबरी घेर) लावून तो काचेला टेकवा आणि गडद कपडे घाला, प्रतिबिंब बरंच कमी होतं. खिडकी उघडी असली तरी कॅमेरा किंवा डोकं बाहेर काढू नका.

बाहेर उभं राहिल्यावर गाडी डोंगरापुढे केवढीशी आहे ते कळतं. लांडवासरची ६५ मीटर उंची आतून जाणवतच नाही. बाहेर खरी मेहनत उन्हाची. दरीत ऊन उशिरा उतरतं आणि लवकर निघून जातं. इंजिन उन्हात आणि डबे सावलीत, असा फोटो मला तरी नको. म्हणून आदल्या दिवशी गाडीच्याच वेळेला तिथे जाऊन उभं राहावं, सावलीची कड कुठल्या खांबापर्यंत येते ते बघावं आणि त्याच्या अलीकडची जागा धरावी. इंजिन कुठल्या दगडापाशी आलं की बटण दाबायचं, तेही तेव्हाच ठरतं. शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो. वाफ हवी असेल तर थंडीतली सकाळ आणि वर चढणारी गाडी निवडा. उतरताना इंजिनाला जोर लागत नाही, वाफही विरळ येते. रुळांपासून लांबच राहा.

दार्जिलिंगला तिसरी सोय आहे. रस्ता बराच अंतर रुळांना लागून जातो आणि गाडी संथ असते, त्यामुळे मोटारीने पुढे जाऊन तीच गाडी तीन-चार ठिकाणी गाठता येते.

माझा कौल बाहेरच्या जागेला. एकच चांगला फोटो भिंतीवर लावायचा असेल तर तिकिटाचा मोह सोडा. सोबत मुलं किंवा आई-वडील असतील तर मात्र सरळ गाडीत बसा, वळणाच्या आतल्या बाजूची खिडकी धरा.