पहिले पुस्तक : प्रकाशकाकडे द्यावे की स्वतः काढावे?

हस्तलिखित तयार झाल्यावर प्रकाशकाच्या उत्तराची वाट पाहायची की स्वतःच पुस्तक काढायचे, हा प्रश्न मला अनेक नवोदित लेखक विचारतात. मी दोन्ही केले आहे. माझा पहिला ललितलेखसंग्रह 2013 साली पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेने काढला, तर दुसरा 2021 साली मी स्वखर्चाने काढला. पाठ्यपुस्तके किंवा मुलांची सचित्र पुस्तके यांचे गणित वेगळे असते, त्यामुळे पुढचे सारे ललित गद्य आणि कथा लिहिणाऱ्यांपुरतेच आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. लेखकाकडून छपाईचा खर्च घेऊन, किंवा दोनशे-तीनशे प्रती त्यालाच विकत घ्यायला लावून आपल्या नावाने पुस्तक काढणारे प्रकाशकही आहेत. या व्यवहारात पैसे लेखकाचे जातात आणि हक्क मात्र दुसऱ्याच्या हाती राहतात. खर्च आपणच करणार असू, तर तो आपल्या नावाने का करू नये, एवढा प्रश्न सही करण्यापूर्वी स्वतःला अवश्य विचारावा.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी मला प्रकाशकाकडून जे मिळाले, त्याचे मोल मी आजही कमी मानत नाही. संपादकांनी बावीसपैकी चार लेख काढायला लावले. तेव्हा वाईट वाटले होते, पण ते लेख पुस्तकात नाहीत याचे आज समाधान वाटते. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी ऱ्हस्व-दीर्घ तर सुधारलेच, शिवाय एकच गाव मी दोन लेखांत दोन वेगळ्या तालुक्यांत नेऊन ठेवल्याचेही त्यांनीच दाखवून दिले. ग्रंथालयांची खरेदी, साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनातला गाळा, वृत्तपत्रांकडे परीक्षणासाठी जाणारी प्रत, ही दारेही प्रकाशकाला अधिक सहज उघडतात.

मग माझे मत बदलले ते कशामुळे? मानधनामुळे नाही. किमतीच्या दहा टक्के ठरले होते आणि जे मिळाले त्याबद्दल माझी तक्रार नाही. 2017 साली जळगाव जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा फोन आला. शाळेच्या बक्षीस समारंभासाठी त्यांना माझ्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती हव्या होत्या. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात विचारले, तर ‘वितरकाकडून येत नाही’ असे सांगण्यात आले. वितरक म्हणाले, प्रकाशकांकडे विचारा. आणि प्रकाशकांच्या कार्यालयातून उत्तर आले की प्रती वितरकाकडेच असायला हव्यात. हजाराची आवृत्ती संपल्याची नोंद नव्हती, म्हणून पुनर्मुद्रण नाही. आणि विकत घ्यायला गेले तर एकही प्रत मिळत नव्हती. समारंभ झाला, मुलांना दुसरी पुस्तके दिली गेली. त्यानंतरही वर्षाला आठ-दहा वाचक ‘पुस्तक कुठे मिळेल?’ असे विचारत राहिले आणि स्वतः लिहिलेल्या पुस्तकाबद्दल मला एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

करारात मी हक्क दिले होते आणि मुदत लिहिलेलीच नव्हती. पुढे एका वकील मित्राने कॉपीराइट कायदा, 1957 मधले कलम 19 दाखवले. हक्क हस्तांतरित करताना मुदत नमूद केलेली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. त्यामुळे 2018 साली हक्क माझ्याकडे आले, पण मजकुराची फाइल काही उपयोगाची नव्हती. अक्षरजुळणी जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फाँटमध्ये झाली होती आणि रूपांतर करताना जोडाक्षरे अशी काही विस्कटली की अखेर सगळा मजकूर पुन्हा टाइप करून घ्यावा लागला.

दुसऱ्या पुस्तकाचा हिशेब मांडतो. 160 पाने, 300 प्रती. छपाई आणि बांधणीचे 27,000 रुपये, मांडणी व मुद्रितशोधनाचे 8,000 आणि मुखपृष्ठाचे 6,000. म्हणजे एक प्रत साधारण 137 रुपयांना पडली. किंमत 220 ठेवली. दुकानदाराला चाळीस टक्के दिले की हाती 132 उरतात. पहिल्या छपाईत दुकानातून विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे थोडा तोटाच आहे, हे आधीच ओळखून असावे. ही तूट थेट वाचकाला विकलेल्या प्रतींतून आणि पुनर्मुद्रणातून भरून निघते, कारण मांडणी आणि मुखपृष्ठाचा खर्च पुन्हा होत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. प्रकाशक आपणच असल्यामुळे 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन ग्रंथालयांना तीस दिवसांच्या आत प्रत पाठवणेही आपल्याकडेच येते.

त्रास आहेच. दुकानदारांकडे वसुलीसाठी फोन करणे मला अजूनही जमत नाही, पार्सले बांधण्यात रविवार जातात, आणि चार लेख काढा असे सांगणारे कोणी नसते. म्हणून संपादनासाठी मी ओळखीबाहेरच्या व्यक्तीला रीतसर पैसे दिले. या एका खर्चात काटकसर करायची असेल, तर स्वतः पुस्तक न काढणेच बरे.

ज्याला नोकरी-संसारातून वेळ नाही, किंवा ज्याचे हस्तलिखित एखाद्या साक्षेपी संपादकाने मनापासून मागितले आहे, त्याने प्रकाशकाकडे जावे, असे मला आजही वाटते. फक्त करारात मुदत लिहून घ्यावी, सहा महिने पुस्तक बाजारात उपलब्ध नसल्यास हक्क परत येतील असे कलम घालावे, आणि युनिकोडमधली अंतिम फाइल मागून ठेवावी. प्रकाशक यापैकी काहीच मान्य करत नसेल, तर मी हस्तलिखित परत घेऊन येईन. माझा पहिला संग्रहही मी 2022 साली स्वतःच पुन्हा काढला. आता प्रती संपत आल्या की मुद्रकाला फोन करतो आणि आठवड्याभरात पन्नास प्रती घरी येतात.